राघूचा सदरा

जात्यावरचं कोंबड्यांचं खुराडं हलवायला आम्हा दोघा भावांना अर्धा तास लागला. खुराड्यात एक खुडूक कोंबडी बसली होती आणि लोकसंस्कृतीशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तिनं आधी दादाच्या मनगटावर चोच मारली, मग माझ्या. निदान तिनं तरी थोरला-धाकटा असा भेद केला नाही.

"जपून रे," दादा म्हणाला. "जातं फुटंल."

"दगडाचं हाय, दादा."

"तुला काय कळतंय? पुण्यास्नं बाई आल्यात आपल्या जात्यासाठी."

पुण्याहून आलेल्या पटवर्धनबाई ओट्यावर खुर्चीत बसून आमची धडपड कौतुकानं बघत होत्या. कुठल्याशा संस्थेसाठी त्या गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या टेपरेकॉर्डरवर घेत होत्या. विषयही ठरलेला, लेकाच्या आणि भावाच्या ओव्या. आमच्या आईचं नाव त्यांना तीन गावांत सांगितलं गेलं होतं. सकाळी त्यांनी आईला समोर बसवलं, माइक धरला आणि म्हणाल्या, "हं मावशी, म्हणा." आईनं माइककडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. "हातात खुंटा न्हाई, तर तोंडात काय यायचं?" एवढंच म्हणाली. गावात पिठाची गिरणी येऊन पंधरा वर्षं झाली होती. म्हणून ही कोंबडीची उचलबांगडी.

दादानं जातं स्वतः धुतलं. एवढ्यावर थांबेल तर तो दादा कसला. त्यानं वरच्या पाळूला झेंडूचा हार घातला आणि समोर नारळ फोडला. तो हार दळताना पिठात येणार, हे त्याच्या ध्यानात नव्हतं. हार घालायची सवयच त्याला लागली होती. त्याच महिन्यात तो दूध संस्थेचा चेअरमन झाला होता, आणि जिथं तिथं हार दिसल्याशिवाय त्याला करमत नसे. येत्या रविवारी त्याचा सत्कार होता. बाईंकडून कॅसेटची एक प्रत घ्यायची आणि सत्काराच्या मांडवात कर्ण्यावर लावायची, असा त्याचा बेत होता. साऱ्या गावानं ऐकावं, आईनं आपल्या लेकावर काय काय गायलंय ते.

कारण आईच्या ओव्यांत लेक एकच होता. त्याचं नाव राघू. आणि दादाचं नाव रघुनाथ. त्याला सारं गाव राघूच म्हणायचं.

माझं नाव केरबा.

दादाच्या पाठीवर झालेली दोन मुलं गेली. मग सहा वर्षांनी मी. जन्मल्या जन्मल्या मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, वर थोडा केर टाकला आणि परत उचलून आणलं. या घराला हे पोर नकोय, असं सटवाईला वाटावं आणि तिनं मला नेऊ नये, यासाठी हा खटाटोप. सटवाई फसली असावी, कारण मी जगलो. पण नाव कायमचं चिकटलं. शाळेत हजेरीला "केरबा" म्हटलं की पोरं झाडू मारल्याची खूण करायची. पुढं मी त्याच शाळेत मास्तर झालो आणि हजेरी मीच घ्यायला लागलो, तेव्हा कुठं ते थांबलं.

तर घरात दोन मुलं, एक पोपट आणि एक केर. पहाटे आई जात्यावर बसायची आणि घरघरीबरोबर राघू सुरू व्हायचा. राघू शाळेला चालला, राघू जेवायला बसला, राघूला ताप आला. दादा अंथरुणात मला कोपर मारायचा. "ऐकलंस? मी." उभ्या जन्मात दादाला साधं पडसं आलेलं मी पाहिलं नव्हतं, पण म्हटलं, गाणाऱ्याला तेवढी सूट असते.

सात वर्षांचा असताना मी एकदा धीर करून आईला विचारलं, "माझं नाव का न्हाई गं ओवीत?"

आई सुपातलं पाखडत होती. वर न बघता म्हणाली, "तुजं नाव बसत न्हाई बाबा ओवीत."

मला ते पटलं. पुढं मास्तर झाल्यावर तर मी ते अक्षरं मोजून पडताळून पाहिलं. राघू दोन अक्षरी, केरबा तीन. एका अक्षरानं माझी आई हुकली होती. मामाचं "भाऊराया" चार अक्षरी असून कसं आरामात बसत होतं, हा प्रश्न मी मनातल्या मनात कितीतरी वेळा दाबला. पण दाबलेली गोष्ट कुठं जाते? माझी एकतीस पावसाळे पोटात होती.

आईनं पदर खोचला, हार काढून खुराड्यावर ठेवला आणि खुंटा धरला. पहिली मूठ घातली. जात्याला टाकी लावून किती वर्षं झाली होती कोण जाणे, ते नुसतं घुर्र करून फिरलं. बाईंनी बटण दाबलं. आणि आईचा गळा लागला.

पहिली आली ती मामाची.

*भाऊ माझा गं येतूया, घोडा दारात फुरफुरं*
*शेजी इचारी वळून, कुन्या राजाचं हे तुरं*

"वा!" बाई पुटपुटल्या. "मावशींच्या माहेरी घोडे होते का हो?"

"मामा एस.टी.नं यायचा," मी म्हणालो. "म्हणजे यायचा नाही. दिवाळीला निरोप यायचा, की गाडी चुकली."

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी वहीत डोकं घातलं. बाईंनी मला कामाला लावलं होतं. आमच्या बोलीतले शब्द त्यांना सगळे लागत नव्हते आणि माझं अक्षर त्यांना फार आवडलं होतं. त्यांच्या वहीत रकाने आखलेले होते. एकात ओवी लिहायची, दुसऱ्यात गाणारीचं नाव आणि तिसऱ्यात "कोणास उद्देशून". मी लिहिलं, भाऊ, विष्णू. गाडी चुकलेला, असं कंसात लिहायचा मोह आवरला.

मग राघू सुरू झाला.

*राघू चालला साळंला, वाट ओढ्याची वाकडी*
*उन्हा सांगते मी तुला, त्येची सावली तोकडी*

दादानं डोळे मिटून मान डोलवली. सहा फुटी चेअरमन भिंतीला टेकून उभा, पोट पुढं, आणि आई उन्हाला विनवत होती की याची सावली आखूड आहे. मी लिहिलं, मुलगा, रघुनाथ.

दोन तासांत राघूच्या सदतीस ओव्या झाल्या. सदतीस वेळा मी माझ्या सुंदर अक्षरात त्याच रकान्यात लिहिलं, रघुनाथ, रघुनाथ, रघुनाथ. शाळेत एखाद्या पोरानं चूक केली की मी हीच शिक्षा द्यायचो. माझी चूक काय, ते कुणी सांगितलं नव्हतं.

सदतिसाव्या ओवीच्या शेवटी टेपरेकॉर्डर म्हातारा झाल्यासारखा जड आवाजात बोलू लागला. सेल उतरले होते आणि वीज सकाळपासूनच नव्हती.

"स्टँडवर मिळतील ना सेल?" बाईंनी विचारलं. "मी आलेच घेऊन. तोवर गुरुजी, तुम्ही वही एकदा मावशींना वाचून दाखवा. नावं बरोबर आहेत ना तेवढं बघा. ते फार महत्त्वाचं असतं आम्हाला."

बाई गेल्या. दादा चहा टाकायला सांगतो म्हणून आत गेला. अंगणात मी, आई आणि मधे जातं. मी एकेक ओवी वाचत गेलो, आई "हां, हां" करत पीठ गोळा करत होती. शेवटची वाचली.

*ल्याला सदरा राघूनं, बाह्या बोटांच्या गं खाली*
*हात कुटं हरवलं, माय हुडकाया गेली*

"आये," मी म्हणालो, "ही ओवी चुकलीया."

मास्तरकीचा किडा, दुसरं काय. दादाच्या सदऱ्यांबद्दल मला कुणी शिकवायची गरज नव्हती. गावचा नाना शिंपी त्याचं माप अंगावर घेऊन सदरा शिवायचा, वर्षाला एक. आणि दादा तो असा घालायचा, की जणू अंगात नव्हे, खुंटीवरच आहे. आम्ही सगळी पोरं चिंचेवर माकडासारखी लोंबकळायचो आणि हा खाली हात मागं बांधून उभा. चिखल दिसला की वळसा घालून जायचा. पोरं त्याला "मामलेदार" म्हणायची. ते नाव मीच ठेवलं होतं.

"काय चुकलं?" आई म्हणाली.

"दादाच्या सदऱ्याच्या बाह्या लांब कशा? त्येचा तर मापानं शिवायचा नाना."

"त्येचा कुटला? त्येचा उतरलेला सदरा ह्यो."

"उतरलेला मग राघूच्या अंगावर कसा?"

आईनं पिठाचा हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. इतका बुद्धू पोरगा सरकारनं मास्तर म्हणून घेतला कसा, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

"आरं, राघू म्हंजी तू."

मी हसलो. खरं सांगतो, हसलोच.

"हसतोस काय? चार वर्साचा हुतास. थोरल्याचा सदरा तुला घातला, तर हातच दिसंनात. तीन घड्या घातल्या मी बाहीला. दुसऱ्या दिशी पहाटं दळताना म्हटलं ह्ये."

"पर राघू तर दादा..."

"बाहीरचं म्हनतेत त्येला राघू. मी कवा म्हटलं? मी रघुनाथच म्हनते. ओवीतला ल्योक राघूच असतोय रं, कुनाचाबी आसू दे. आन् तुजं नाव कसं घेऊ मी? दोन गेली हुती मधली. रोज पहाटं केरबा, केरबा म्हनून गायलं आसतं, तर सटवाईनं ऐकलं नसतं व्हय? आदी उकिरड्यावर टाकल्याचं सोंग केलं आन् मग गानी गायली, तर तिला कळलं नसतं? म्हनून राघू म्हटलं. तिला वाटंल, थोरल्याचंच कवतिक चाललंय."

माझी शाळा, ओढा, माझा ताप. आखूड सावली. सदतीस ओव्या वहीत उघड्या पडल्या होत्या आणि त्यातली एकही दादाच्या अंगाला येत नव्हती. मी अक्षरं मोजत बसलो होतो एवढी वर्षं, अर्थ वाचायचा राहिलाच होता. किती आनंद झाला म्हणून सांगू! सात वर्षांचा केरबा आत कुठंतरी उड्या मारायला लागला, की जा, सांग दादाला, कोपर मार त्याला.

सांगायची गरज नव्हती. दादा चहाचे कप घेऊन दारात उभा होता.

"म्हंजी," तो म्हणाला, "सटवाईला न्यायचंच झालं, तर मला नेऊ दे, आसं?"

"तसं न्हवं रं."

"मग कसं?"

"तुला काय हुतंय? धा वर्साचा हुतास. भाकरीवर भाकरी खात हुतास. तुला बगून सटवाईच पळाली आसती."

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी यावर पोट धरून हसलो असतो. दादानं कप ओट्यावर ठेवले. चेअरमन झाल्यापासून प्रथमच त्याला हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं.

"बरं. मग माजी कुटली?"

"काय?"

"माजी ओवी, आई. माज्यावरची कुटली?"

आई आठवू लागली. तिनं खुंटा धरला, जातं रिकामंच अर्धा वेढा फिरवलं. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. खुराड्यावरची कोंबडी हारातली फुलं टोचत होती. मी मनात म्हणत होतो, एखादी तरी निघू दे. खोटी निघू दे. मामाला घोडा दिला होता, याला निदान बैलगाडी तरी.

"तुला काय लागत न्हवतं, बाबा," आई शेवटी म्हणाली. "तू आपला हुतास."

"लागत न्हवतं?" दादाचा आवाज चढला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, पण आवाज दहा वर्षांचा. "मला बी चिंचंवर चढायचं हुतं."

"मग चढायचं हुतंस. कुनी धरलं हुतं?"

"तूच! तूच म्हनायचीस रोज. सदरा जपून घाल रघुनाथा, फाडू नको, धाकट्याला यायचाय. न्हाई चढलो. चिखलात न्हाई गेलो, कबड्डी न्हाई खेळलो. ही समदी मामलेदार, मामलेदार म्हनून वरनं चिंचा मारायची आन् मी खाली हुबा ऱ्हायचो. सदरा फाटला तर ह्यो काय घालंल म्हनून."

आईच्या हातातून खुंटा सुटला.

मामलेदार हे नाव कुणी ठेवलं, ते त्याला माहीत होतं की नाही, मला अजूनही माहीत नाही. पण चिंचा मारणाऱ्यांत सगळ्यांत नेमबाज कोण होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. माझ्या अंगावरच्या एकाही सदऱ्याला ठिगळ नव्हतं. अख्ख्या वर्गात माझ्या एकट्याच्या. मला वाटायचं, नाना शिंप्याची शिलाई पक्की.

मला दादाची लाज वाटली नाही, माझी वाटली. आणि ती अशी वाटली, की मघाचा तो उड्या मारणारा सात वर्षांचा पोरगा गप बसला.

"चहा निवतोय," दादा म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "केरबा, वहीत दुरुस्त कर. बाई म्हनाल्यात नावं बरोबर पायजेत."

"आन् रविवार?"

"रविवारचं काय? सनई लावू."

मी खिशातून रबर काढलं. मास्तराच्या खिशात ते असतंच. राघूच्या पहिल्या ओवीपासून सुरुवात करायची, सदतीस वेळा खोडायचं आणि सदतीस वेळा लिहायचं, केरबा. एकतीस वर्षं ज्यासाठी रुसून बसलो होतो ते आता माझ्याच हातात होतं, फक्त लिहायचं बाकी होतं. आईनं पिठाचं सूप उचललं आणि आत गेली नाही, तिथंच उभी राहिली.

तेवढ्यात पटवर्धनबाई आल्या. घामाघूम झालेल्या, पण सेल मिळाल्यानं खूश.

"झालं का गुरुजी? नावं तपासलीत?"

"तपासली."

"आणि? सगळ्या थोरल्या चिरंजीवांवरच आहेत ना? मला मघापासून एक शंका होती. एक-दोन ओव्यांत मुलगा फार लहानखुरा वाटतो हो. हे तर..." त्यांनी दादाच्या उंचीकडे पाहिलं.

दादा जमिनीकडे बघत होता. आई माझ्याकडे.

"सगळ्या थोरल्याच्याच," मी म्हणालो. "लहानपणी तो फार नाजूक होता. सारखा आजारी असायचा."

आईला ठसका लागला.

"आणि या सदऱ्याच्या बाह्या?"

"वाढत्या अंगाचा शिवायचे बाई, आमच्याकडे."

"अस्सं!" म्हणत बाईंनी समासात काहीतरी टिपून घेतलं. त्यांच्या संस्थेत ते टिपण अजून असणार. ते संपूर्ण खोटं आहे, पण अक्षर शेजारी माझं असल्यामुळं सहसा कुणी शंका घेणार नाही.

बाई टेपरेकॉर्डरमध्ये सेल बसवायला वळल्या, तेव्हा आई माझ्या कानाशी आली. "मास्तर हुऊन धादांत खोटं बोलतोस?"

"तू इतकी वर्सं सटवाईशी बोललीस, त्येचं काय?"

पिठाचा हात तिनं माझ्या तोंडावरून फिरवला आणि मग जाता जाता दादाच्याही. आम्ही दोघंही पांढरे झालो. दादानं ते पुसलं नाही. बाई दुसऱ्या दिवशी निघेपर्यंत दादा माझ्याशी एक शब्द बोलला नाही. फक्त रात्री जेवताना त्यानं त्याच्या ताटातली भाकरी मोडून अर्धी माझ्या ताटात टाकली, आणि मी ती खाल्ली.

रविवारी मांडवात कर्णा वाजला, सनईचा नव्हे, आईच्या कॅसेटचा. राघू शाळेला चालला, राघू जेवायला बसला, राघूला ताप आला. गाव माना डोलवत होतं. स्टेजवर दादा हारांत बुडालेला, फक्त नाक वर. सदऱ्याची ओवी लागली, तेव्हा त्यानं गर्दीत मला हुडकून काढलं आणि हाताच्या बोटांनी आपली बाही खाली ओढली, पार नखं झाकेपर्यंत.

शेजारी बसलेल्या हेडमास्तरांनी माझ्या मांडीवर थाप मारली. "भाग्यवान हो तुमचे बंधू! तुमच्यावर एक तरी आहे का ओवी?"

"माझं नाव बसत नाही ओवीत," मी म्हणालो.

लहानपणी त्याचं उतरलेलं सगळं मी घातलं. माझं त्याला द्यायला आजवर काही नव्हतं. आता सदतीस ओव्या दिल्या. थोड्या आखूड होतात त्याला, दंडात तर फारच ताणतात. पण फाडणार नाही. जपून घालतो तो.